सगळ्यांचा प्रयुक्त इंद्रभान

इंद्रभान,

मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला मूर्खपणाचं वाटतं. तेहतीस वर्षं मानसशास्त्र शिकवलेल्या बाईला ते शोभतही नाही. तरी लिहिते, कारण तुझ्याबद्दल आजवर कोणी काही लिहिलं असेल तर ते आमच्या विद्यार्थ्यांनी, प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये. आणि ते सगळं खोटं आहे. ‘प्रयुक्ताचे नाव: इंद्रभान. शिक्षण: सातवी. प्रयुक्ताची मनःस्थिती: प्रसन्न.’ बत्तीस वर्षांत तुझी मनःस्थिती प्रसन्न नव्हती असं एकाही जर्नलात सापडायचं नाही. तुझी प्रयागबाई काविळीत गेली, तू तेरवी आटोपून कामावर आलास, त्या आठवड्याच्या जर्नलांतही प्रसन्नच आहे. त्यावर खाली सह्या माझ्या आहेत.

तुला हे सगळं ठाऊक आहे. वाचणाऱ्यांना नाही. तेव्हा आता जरा बाजूला बस, मी त्यांना सांगते.

इंद्रभान आमच्या वाशिमच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेचा परिचर होता. प्रयोगशाळा म्हणजे मोठं काही समजू नका. एक लांबट खोली, दोन लोखंडी कपाटं, आठ टेबलं. कपाटात शब्द दाखवणारा स्मृतीचा ढोल, आरशात बघून चांदणी गिरवायची पाटी, लाकडी ठोकळे, आणि चाचण्यांच्या पुस्तिका. रिठदहून सकाळच्या बसनं तो यायचा, कपाटं उघडायचा, संध्याकाळी ठोकळे मोजून परत ठेवायचा. एकही ठोकळा कधी हरवला नाही.

आमच्या विषयात प्रयोगाला दोघं लागतात. एक घेणारा, दुसरा ज्याच्यावर घेतात तो. त्या दुसऱ्याला प्रयुक्त म्हणतात. विद्यार्थ्यांनी आपसात जोड्या लावाव्यात असा नियम. पण जोडीदार ऐनवेळी यायचा नाही, मुली मुलांसमोर बसायच्या नाहीत, आणि परीक्षेच्या दिवशी तर सगळे घाबरलेले. मग हाक जायची, “इंद्रभानभाऊ, बसता का?” तो दारातल्या स्टुलावरून उठून खुर्चीवर बसायचा. बत्तीस वर्षांत त्याला मिळालेली बढती एवढीच.

मी पहिल्या दिवशी त्याला ‘तुम्ही’ म्हटलं, तर म्हणाला, “मॅडम, तुमी म्हनलं की मले वाटते माह्या मागं कोनी साहेब उभा हाये.” तेव्हापासून ‘तू’.

आता त्याचं कसब सांगते. आरशात बघून चांदणी गिरवण्यात तो इतका तरबेज झाला होता की डोळे मिटूनही गिरवली असती. पण पहिल्या फेरीत तो बावीस चुका करायचा, दुसरीत सोळा, तिसरीत अकरा. शिकण्याचा वक्र पुस्तकात जसा काढलेला असतो तसा. बसण्याआधी तो विद्यार्थिनीला हळूच विचारायचा, “बाई, वक्र कसा पायजे?” एकदा अमरावतीहून आलेल्या परीक्षकांनी मुलांच्या आलेखांची वाखाणणी केली. म्हणाले, इतका स्वच्छ वक्र आमच्याकडे येत नाही. मी मान हलवली. इंद्रभान चहा घेऊन उभा होता, त्यानंही हलवली.

परीक्षक गेल्यावर मी त्याला धरलं. “खोटं कशाला करतोस रे?”

“खोटं कुठं, मॅडम. पोरीचा निकाल पुस्तकासारखा नाई आला त ते साहेब इचारते, काहून नाई आला. ते काय सांगन बिचारी?”

त्याच्या लेखी चाचणी म्हणजे समोरच्याला हात देणं. मी यावर काही करायला हवं होतं. केलं नाही. निकाल चांगले लागत होते.

समायोजनाची एक प्रश्नावली असते. विधानं वाचायची, होय किंवा नाही वर खूण करायची. त्यात एक विधान होतं, ‘मला बरेचदा एकटे वाटते.’ प्रयागबाईच्या माघारी दोनेक महिन्यांनी एका मुलीनं त्याला ती भरायला दिली. मी जर्नल तपासताना बघितलं, खूण ‘नाही’ वर. त्याला बोलावलं.

“हे खरं आहे का?”

“नाई.”

“मग?”

“हाव केलं असतं त तिले समायोजन कमी लिवा लागलं असतं. मंग पानभर शिफारशी लिवा लागतेत. तिची साडेपाचची बस होती, मॅडम.”

मी जर्नलवर सही केली. मलाही घरी जायचं होतं.

प्रयागबाई गेली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. वर्षाराणी. हाक मारली तर वळायची, पण बोलत नव्हती. पाचव्या वर्षी पहिला शब्द, सातव्या वर्षी शाळा. चौथीपर्यंत मागच्या बाकावर बसली आणि मग मास्तरच म्हणाले, घरीच बरी. कधीमधी शनिवारी तो तिला घेऊन यायचा. ती लाकडी ठोकळे एकावर एक रचायची, आणि तो दारातून बघत बसायचा. मला तेव्हाच कळलं होतं काय आहे ते. त्यालाही कळलं होतं. आम्ही दोघंही त्यावर बोललो नाही.

पण त्यानं एक केलं, आणि ते मला पुष्कळ वर्षांनी समजलं. बुद्धिमापनाची चाचणी आमच्याकडे इतक्यांदा घेतली जायची की तिच्या पुस्तिकेतले प्रश्न त्याला क्रमानं पाठ होते. रोज संध्याकाळी जेवणाआधी तो बाजेवर बसायचा, वर्षाराणी समोर पाट घेऊन बसायची, आणि हा विचारायचा. गाय अन् शेळी, सारखं काय? पाच आकडे उलटे म्हन. रस्त्यात पाकीट सापडलं, काय करशीन? ती चुकली की हा उत्तर सांगायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. अठरा वर्षं. त्याला वाटायचं, रोज विचारत राहिलं तर डोकं उघडेल. शेजारच्या बाया भाजी निवडता निवडता ऐकायच्या आणि म्हणायच्या, “इंद्रभानच्या घरी कॉलेज भरलं.” रिठदच्या त्या दोन खोल्यांत दुसरं बोलणं नव्हतं.

निवृत्त झाला, आणि दोन वर्षांनी छातीत कळ आली. नागपूरला जाऊन दोन स्टेंट टाकून आला. तेव्हापासून त्याला एकच घोर लागला, आपल्यामागं पोरीचं काय. भाऊ होता, किन्हीराजाला, भागवत. भाजीपाला लावायचा, मालेगावच्या बाजारात विकायचा. पण भावाच्या घरात आधीच माणसं जास्त. कोणी तरी अकोल्याकडच्या एका संस्थेचं सांगितलं. तिथं अशा मुली राहतात, कागदी पिशव्या करतात, एकमेकींबरोबर जेवतात. इंद्रभान स्वतः जाऊन बघून आला. मला म्हणाला, “मॅडम, तिथं साऱ्या सारख्या हायेत. कोनी कोनाले हासत नाई.” जागाही होती. फक्त अपंगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र लागत होतं. चाळीस टक्के तरी.

गेल्या वर्षी चैत्रात तो वर्षाराणीला घेऊन जिल्हा रुग्णालयात तपासणीला गेला. ती बावीस वर्षांची होती. तिथं बुद्धिमापन करायला दर बुधवारी स्नेहा येते. माझीच विद्यार्थिनी, हुशार, चोख. तिनंही पूर्वी इंद्रभानला प्रयुक्त म्हणून बसवलेलं.

त्यानंतरच्या रविवारी इंद्रभान माझ्या दारात उभा. एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्यात कागद.

“मॅडम, पोरीले अठ्ठ्याहत्तर आले.” पुडा त्यानं टेबलावर ठेवला. मग कागद पुढे केला. “पन खाली पंचवीस टक्के लिवलं. हे काय चुकून लिवलं का? अठ्ठ्याहत्तर आले न पंचवीस कसे?”

बत्तीस वर्षं ज्यानं पुस्तिका वाटल्या, गोळा केल्या, त्याला गुण म्हणजे परीक्षेचे गुण वाटत होते. दोष त्याचा नाही. आम्ही त्याला खुर्चीवर बसवलं, पुढचं कधी सांगितलंच नाही. मी सांगायला बसले. म्हटलं, इंद्रभान, हे शंभरपैकी नाहीत. शंभर म्हणजे तिच्या वयाची माणसं साधारण जिथं असतात ती जागा. त्या जागेच्या मागं पोरगी किती आहे, एवढंच हा आकडा सांगतो. सत्तरच्या आत आला की चाळीस-पन्नास टक्के अपंगत्व धरतात. सत्तरच्या वर गेला की पंचवीस. पंचवीसवर संस्था घेत नाही.

तो ऐकत होता. “म्हंजे कमी यायले पायजे होते.”

“खरे यायला पाहिजे होते.”

“खरे किती?”

“मी काय सांगू. पण अठ्ठ्याहत्तर नाहीत, हे तुलाही माहीत आहे.”

तेव्हा त्यानं सांगितलं. संध्याकाळचं, पाटाचं, अठरा वर्षांचं. मी संतापले. म्हटलं, अरे, तू बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत होतास. तो म्हणाला, “म्हनूनच तं.”

स्नेहाला फोन केला. ती म्हणाली, “मॅडम, मला शंका आलीच होती. मी शेळी म्हणायच्या आत ती म्हणाली, दोन्ही जनावरं. मग मी सहज विचारलं, तुझ्या घरी काय आहे, गाय की शेळी? तर वडिलांकडे बघायला लागली.”

“मग लिहिलं नाहीस?”

“लिहिलं. शेरा म्हणून. पण प्रमाणपत्रात आकडा जातो, शेरा नाही. आणि उत्तर बरोबर दिलं तर गुण कसे कापू?”

तिचं बरोबर होतं. वर्गात मी हेच शिकवत आले. बुडाला पोचा आलेला शेर घ्या. शंभरदा मापलं तरी तो दरवेळी तेवढंच कमी मापणार. त्याच्या सारखेपणाला विश्वसनीयता म्हणतात. पण ते माप खरं नव्हे, त्याला सप्रमाणता नाही. वर्षाराणीला दहा वेळा विचारा, दहा वेळा तेच उत्तर येईल, आणि त्या उत्तरात वर्षाराणी कुठंच नाही. तिथं इंद्रभान आहे. स्नेहानं त्या दिवशी अठ्ठ्याहत्तर गुण दिले ते बापाच्या चिकाटीला.

दुसरी चाचणी तिच्याकडे नव्हती. हीच पुन्हा घ्यायची तर सराव विरायला हवा. मी इंद्रभानला सांगितलं, आणि कडक शब्दांत सांगितलं, “सहा महिने. एक प्रश्न विचारायचा नाही. गाय नाही, शेळी नाही, आकडे नाहीत. ती म्हणायला लागली तर उठून जायचं. दिवाळीनंतर मी स्नेहाकडून बुधवार घेते.”

“हाव,” म्हणाला. पेढ्यांचा पुडा तसाच टेबलावर राहिला. मी तो शेजारी देऊन टाकला.

भाद्रपदात रिसोडला एका लग्नाच्या बोलणीला गेले होते. परतताना रिठदला उतरले. दिवस कलला होता. इंद्रभान अंगणात बाजेवर. मला बघून उठला, पाणी आणलं, चहा टाकतो म्हणाला. तेवढ्यात वर्षाराणी आतून पाट घेऊन आली, त्याच्यासमोर ठेवला, बसली. हात मांडीवर, नजर त्याच्या तोंडावर. इंद्रभाननं मान फिरवली. ती बसून राहिली. मग तो उठला, चपला घातल्या आणि बैल नसलेल्या गोठ्यात जाऊन उभा राहिला. पाचेक मिनिटं. ती पाटावरच. मग ती उठली, पाट उचलला, आत गेली. आत भिंतीला पाट टेकवल्याचा आवाज आला.

तो परत आला. “तुमी सांगतलं तसं चालू हाये, मॅडम. एक दिवस खंड नाई.”

“रोज अशी येऊन बसते?”

“रोज.”

“अरे, मग दुसरं काही बोल की तिच्याशी. मी चाचणी बंद करायला सांगितली, बोलणं नाही.”

तो बाजेच्या सुंभाशी चाळा करत बसला. “दुसरं काय बोलू? मले तेच येते. सुरू करतो म्हनलं, आज मेथी आनली, त ते पाह्यत राह्यते का याच्यापुढं प्रश्न कोनता हाये.”

 मापन कसं शुद्ध ठेवायचं हे मला येतं. घरात माणसं कशी बोलतात हे शिकवायला मी गेलेच नव्हते. सातची बस आली, मी निघाले.

दिवाळी झाली. स्नेहाकडून बुधवार ठरवून घेतला. त्याच्या आदल्या सोमवारी इंद्रभानचा फोन.

“मॅडम, ह्या बुधवारी नोको.”

“काय झालं? बरं नाही का?”

“मी बरा हाये. पोरगी बोलून राह्यली.”

“म्हणजे?”

“भाऊबीजेच्या दिवशी बसली पाटावर. मी उठून राह्यलो होतो. त म्हने, बाबा, बस. मी बसलो. त ते मले इचारू लागली. गाय न शेळी, सारखं काय? मी काय सांगू न काय नाई. म्या म्हनलं, दोन्ही जनावरं. मंग पुढचा. साऱ्या ओळीनं, मॅडम. आकडे इचारले. म्या उलटे म्हननात चुकलो त म्हने, परत. परत म्हन.”

मला काय ऐकू आलं? मला एवढंच ऐकू आलं की सराव पुन्हा सुरू झाला. म्हटलं, “तू सगळ्यावर पाणी ओतलंस. सहा महिने फुकट. आत्ता चाचणी घेतली तर पुन्हा अठ्ठ्याहत्तर येतील, कदाचित ऐंशी. थांबव ते.”

 मग म्हणाला, “आजलोक तिनं सोताहून कदीच काही इचारलं नोतं. मीच इचारत राह्यलो.”

“तुला संस्था पाहिजे की नाही?”

“पायजे. पायजेच. पन संक्रांतीनंतरचा बुधवार घ्या. तोवर मी हळूहळू कमी करतो. एकदम नोको तोडाले लावू.” आणि मग, “अन मॅडम, त्या दिवशी तिले आत तुमी न्या. मी फाटकापाशीच थांबतो. ते माह्या तोंडाकडं पाहून उत्तर देते. मी आत असलो त खरं येनार नाई.”

मी हो म्हटलं. त्याच्या बोलण्यात शास्त्र होतं; जन्मभर दुसऱ्यांसाठी खोटे वक्र काढलेला माणूस एकदा खरं माप मागत होता. हो म्हटलं आणि फोन ठेवला. वहीत तारीख लिहिली.

संक्रांतीच्या आठ दिवस आधी तो गेला. संध्याकाळी, बाजेवर. शेजारणीनं सांगितलं की वर्षाराणी समोर बसून परत, परत म्हणत होती म्हणून ती डोकावली.

भागवत येऊन मुलीला किन्हीराजाला घेऊन गेला. वाईट माणूस नाही तो. मी फाल्गुनात जाऊन आले. त्याची बायको सुचिता बांधावर मेथीच्या जुड्या बांधत होती, वर्षाराणी शेजारी. तिच्या जुड्या एकसारख्या होत होत्या, सुतळीचे वेढेही सारखे.

“त्रास नाई काही तिचा,” सुचिता म्हणाली. “एकडाव दाखोलं की करते.”

“बोलते का?”

“कोनासंग बोलन, बाई? आमी पहाटंपासून वावरात. इचारा लागतच नाई तिले काही. खाते, झोपते, काम करते. माह्या पोरीपरस गुनाची.”

मी प्रमाणपत्राचं काढलं. सुचितानं हातातली जुडी टोपल्यात टाकली. “न्या की. आमचं काहून नाई असन. पन तुमालेच न्या लागन. आमाले बुधवार जमत नाई, बुधवारी भाजीची तोड असते.”

म्हटलं, नेते.

आता श्रावण लागला आहे. सात महिने झाले, वर्षाराणीला कोणी एक प्रश्न विचारलेला नाही. स्नेहाचा परवा फोन आला. “मॅडम, आता घेतली तर स्वच्छ येईल. तुम्ही सांगितलेल्या अटीपेक्षा जास्तच झालं आहे.” तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. शास्त्राच्या बाजूनं वावगं नाहीच. इंद्रभानला ज्यासाठी सहा महिने रोज उठून जावं लागलं ते किन्हीराजाच्या भरल्या घरात आपोआप झालं. अकोल्याची जागाही अजून आहे. मी पत्र टाकून विचारलं.

मग मी का जात नाही? म्हातारपणाचं कारण पुढे करणार नाही. गुडघे दुखतात, पण मालेगावची बस माझ्या दारावरून जाते. खरं असं की त्या खोलीत स्नेहा पहिला प्रश्न विचारील तेव्हा मी शेजारी बसलेली असेन, आणि मनात धरून असेन की पोरगी विसरलेली असू दे. गाय विसरू दे, शेळी विसरू दे. बापानं अठरा वर्षं तिला जे दिलं ते सगळं गेलेलं असलं तरच तिला जागा मिळेल. आणि ती बरोबर सांगेल तर माझं तोंड उतरेल, ते ती बघेल. तोंडाकडे बघून कळायला ती शिकलेली आहे.

मागच्या बुधवारी मी बसमध्ये बसलेही होते. मालेगावलाच उतरून परतीची गाडी धरली. स्नेहाला सांगितलं, भागवतकडे पाहुणे आहेत. ती म्हणाली, “हरकत नाही मॅडम, मी दर बुधवारी आहेच.”

उद्या बुधवार आहे. भागवतला फोन करून मुलीला तयार ठेव म्हणून सांगायचं असतं तर आज संध्याकाळपर्यंत सांगायला हवं होतं. मी सांगितलेलं नाही.